अवगोलेमोनो न फुटू देता: ग्रीक लिंबू-चिकन सूप घरी करताना

विचारणा थोडक्यात अशी आहे. पुण्यातल्या एका घरी ग्रीक पद्धतीचं लिंबू-चिकन सूप करून पाहिलं. अंडं आणि लिंबाचं मिश्रण पातेल्यात पडताच सूप फुटलं, वर पांढऱ्या कवड्या तरंगायला लागल्या आणि अंड्याचा उग्र वास सुटला. पुढच्या वेळी क्रीम घालावं का, कॉर्नफ्लोअर लावावं का, आपलं कागदी लिंबू चालेल का, आणि हळद-आलं-लसूण घातलं तर काय बिघडेल?

आधी उत्तर सांगतो. क्रीम अजिबात नको. कॉर्नफ्लोअरची गरज पडू नये, कारण ते काम तांदूळ करतो. कागदी लिंबू चालेल, फक्त मोजून घ्या. हळद, आलं, लसूण यांतलं काही नको. आणि सूप फुटलं ते साहित्यामुळे नाही, उष्णतेमुळे. उकळत्या पातेल्यात अंडं गेलं की ते शिजून गोळा होणारच. ही एक गोष्ट हाताला कळली की हे सूप सोपं आहे.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. ग्रीक मालकांच्या मालवाहू जहाजांवर चीफ कुक म्हणून बरीच वर्षं काढली. कोकणातली आणि गोव्यातली पुष्कळ माणसं या जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कामाला असतात, त्यामुळे हे सूप कॅप्टनसाहेबांसाठी रांधणारे मराठी हात कमी नाहीत. खिऑस, इनूसेस, आंद्रोस या बेटांतून पिढ्यान्‌पिढ्या जहाजमालक आणि दर्यावर्दी निघाले. तिकडचा कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर जहाजावर असला की थंडीच्या समुद्रात, तापसर्दीत किंवा नुसती घरची आठवण आली तरी मागणी एकच: कोतोसूपा अवगोलेमोनो, म्हणजे अंडं-लिंबू लावलेलं कोंबडीचं सूप. मला ते एका वयस्कर ग्रीक कुकने शिकवलं. त्याने पाककृती सांगितलीच नाही, पातेल्यासमोर उभं करून पाहायला लावलं.

या सूपाचा निम्मा जीव कोंबडीच्या पाण्यात असतो आणि आपल्याकडे नेमकं तिथेच कमी पडतं. आपला चिकनवाला सवयीने कातडी सोलूनच देतो. या कामासाठी आधी सांगून ठेवा की कातडी राहू दे, मान आणि पायही बरोबर दे. कातडी, सांधे आणि पाय यांतूनच तो चिकटपणा पाण्यात उतरतो ज्यामुळे सूप जिभेवर भरीव लागतं. बोनलेस छातीच्या तुकड्यांचं पाणी कितीही आटवलं तरी ते येत नाही, आणि मग लोक क्रीमकडे वळतात. ग्रीसमध्ये जुन्या वळणाची बाई या सूपासाठी कोवळी कोंबडी घेत नाही, अंडी देऊन झालेली मोठी कोंबडी घेते. आपल्याकडे गावरान कोंबडी मिळते, ती यासाठी उत्तम. ब्रॉयलर घेतलीत तरी सूप होतं, चव जरा हलकी राहते इतकंच.

पाच-सहा जणांसाठी दीड किलोची अख्खी कोंबडी घ्या, किंवा चार मोठे तुकडे करून घ्या. धुऊन जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात ठेवा आणि अडीच लिटर गार पाणी घाला. गारच. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात मळी एकवटून वर येते आणि झाऱ्याने काढता येते. गरम पाण्यात टाकली तर तीच मळी पाण्यात विरघळून गढूळपणा येतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं पातेल्याजवळच थांबा, वर येईल तो करडा फेस काढत राहा. फेस थांबला की एक सोललेला अख्खा कांदा, एक केशरी गाजर, सेलरीचा एक दांडा, सात-आठ मिरे आणि दोन लहान चमचे मीठ घाला. लाल दिल्ली गाजर घेऊ नका, त्याचा गोडवा इथे पुढे येतो. सेलरी मिळाली नाही तर तिच्याशिवाय करा, बदली काही शोधू नका.

तमालपत्राबद्दल मुद्दाम सांगतो, कारण ही चूक सर्रास होते. ग्रीक पाककृतीत जे पान घालतात ते भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेलच्या झाडाचं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्याला दालचिनी-लवंगेकडे झुकणारा सुवास असतो. ते घातलं की सूपातून पुलावाचा वास येतो. लॉरेलचं पान मिळालं तर एक घाला, नाहीतर सोडून द्या. हळद-आलं-लसणाचंही तेच. अळणी पाणी करताना आपला हात आपोआप त्या डब्याकडे जातो, पण इथे लिंबू आणि बलक यांना मोकळं मैदान लागतं. आल्याचा तिखट वास लिंबाशी भांडतो आणि हळद बलकाचा फिकट पिवळा रंग मारून टाकते.

आता आच. पाणी खळखळून उकळू द्यायचं नाही, कडेकडेने एखाददुसरा बुडबुडा येत राहील इतकीच आच ठेवा. ब्रॉयलरला पाऊण तास पुरतो, गावरानला दीड ते दोन तास, कधी जास्तही. मांस हाडापासून सहज सुटलं की झालं. घाई असेल तर कुकर लावा. कुकरमधलं पाणी थोडं गढूळ होतं, पण अंडं लागल्यावर ते दिसत नाही, म्हणून या सूपापुरती माझी कुकरला हरकत नाही. कोंबडी बाहेर काढा, पाणी गाळून घ्या. साधारण दोन लिटर पाणी हाती आलं पाहिजे. कमी असेल तर साधं पाणी घालून पुरं करा, जास्त असेल तर आटवा. वरची चरबी सगळी काढू नका, दोन-तीन चमचे राहू द्या.

तांदूळ हा या सूपाचा न दिसणारा खांब आहे. ग्रीसमध्ये यासाठी आखूड, गोलसर, पिठूळ दाण्याचा तांदूळ घेतात. बासमती इथे कुचकामी, त्याचा दाणा सुटा राहतो आणि पाण्याला पिठूळपणा देत नाही. आपल्याकडे मला इंद्रायणी सगळ्यात जवळचा वाटतो. त्याला स्वतःचा थोडा सुवास आहे, पण लिंबू लागल्यावर तो मागे सरतो. आंबेमोहोरचा सुवास मात्र मागे सरत नाही, म्हणून मी तो टाळतो. दोन लिटर पाण्याला शंभर ग्रॅम तांदूळ पुरे. दोन-तीन पाण्यांनी चोळून धुण्याची आपली सवय इथे आवरा. एकदा हलकं खळबळून घ्या, कारण तो पांढरा पिठूळपणाच आपल्याला हवा आहे. गाळलेल्या पाण्याला उकळी आणून त्यात तांदूळ सोडा आणि दाणा पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा, पंधरा-अठरा मिनिटं. कच्चट दाणा नको.

हा पिठूळपणा कशासाठी, ते ताकाची कढी करणाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही. बेसन न लावता ताक तापवलं की ते फुटतं, बेसन लावलं की तग धरतं. इथे बेसनाची जागा तांदळाच्या पेजेने घेतली आहे. अंड्यातली प्रथिनं गरम झाली की उलगडतात आणि एकमेकांना धरायला लागतात. मध्ये स्टार्च असला की ही धरपकड सैल राहते आणि घट्ट गुठळ्यांऐवजी सगळ्या रसाला सारखा दाटपणा येतो. काही ग्रीक घरांत अंड्यात लहान चमचाभर कॉर्नफ्लोअरही घालतात. पहिल्यांदा करताना मनात धाकधूक असेल तर तुम्हीही घाला, पाप नाही. पण तांदूळ नीट शिजवला असेल तर त्याची गरज नाही, आणि कॉर्नफ्लोअर जास्त झालं की सूप हॉटेलातल्या स्वीट कॉर्न सूपासारखं गुळगुळीत होतं.

तांदूळ शिजला की गॅस बंद करा, झाकण काढा आणि आठ-दहा मिनिटं पातेल्याला हात लावू नका. तुमचं सूप बहुतेक इथेच फुटलं असणार. मोठ्या माणसासारखं थांबता आलं पाहिजे. दोन लिटरचं पातेलं उघडं ठेवलं तर एवढ्या वेळात साधारण ८५ अंश सेल्सियसच्या आसपास येतं. इलेक्ट्रिक कॉइल असेल तर बटण बंद करून भागत नाही, पातेलं उचलून बाजूला ठेवावं लागतं. जहाजाच्या गॅलीतल्या हॉटप्लेट बंद केल्यावरही कितीतरी वेळ धगधगत राहतात, तिथे नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच शिकवावी लागते. आणि पातेलं मोठं तितकी उष्णता जास्त वेळ धरून राहते. वीस-बावीस जणांच्या पातेल्याला दहा मिनिटं काहीच नाहीत, तिथे थर्मामीटरशिवाय मी अंड्याला हात लावत नाही.

पातेलं निवतंय तोवर अंडं-लिंबू तयार करा. अंडी आधीच फ्रिजबाहेर काढून ठेवलेली हवीत. दोन अख्खी अंडी आणि वर आणखी दोन बलक, हे माझं प्रमाण. ग्रीक घरांत यावर एकमत नाही. कुणी अख्खी अंडी तशीच फेटतं, कुणी पांढरं वेगळं करून आधी त्याचा मऊ फेस काढतं आणि मग बलक मिसळतं, कुणी नुसतेच बलक घेतं. फेसाच्या पद्धतीने सूप हलकं आणि वर फेसाळ होतं, दिसायला सुंदर, पण हात सराईत हवा. नुसत्या बलकांचं सूप गाढ आणि मखमली होतं, मात्र जड जातं. तुम्हाला वासाचा त्रास झाला म्हणून मी बलक वाढवायला सांगतोय. तो उग्र वास मुख्यतः जास्त तापलेल्या पांढऱ्याचा असतो. सूप फुटलं नसतं तर वासही इतका आला नसता.

अंडी खोल वाडग्यात घेऊन व्हिस्कने दोन मिनिटं चांगली फेटा, पांढऱ्याची एकही तार दिसता कामा नये. मग लिंबाचा रस धारेने घालत फेटत राहा. रस किती, हा तुमच्या कागदी लिंबाच्या प्रश्नातला खरा मुद्दा. ग्रीसमधली लिंबं मोठी, पिवळी, जाड सालीची. पेलोपोनीसच्या किनाऱ्यावर, पोरोस बेटासमोर गालातास नावाचं गाव आहे, तिथे लिंबांच्या बागा इतक्या दाट की त्या भागाला लेमोनोदासोस म्हणजे लिंबांचं रान म्हणतात. अशा एका लिंबातून चाळीसेक मिलिलिटर रस निघतो आणि दोन लिटर सूपाला दोन लिंबं लागतात. कागदी लिंबू लहान, जास्त आंबट आणि वासाला टोकदार. म्हणून फळं मोजू नका, रस मोजा. साठ मिलिलिटरपासून सुरुवात करा, म्हणजे रसदार चार-पाच लिंबं. शेवटी चव घेऊन वाढवता येईल. बिया गाळून घ्या, साल फार दाबून पिळू नका, नाहीतर कडवटपणा येतो. आणि रस ऐन वेळी काढा. कागदी लिंबाचा काढून ठेवलेला रस थोड्या वेळात कडसर होतो. मोठी पिवळी लिंबं शहरात मिळतात, मिळाली तर तीच वापरा, चव मूळच्या जवळ जाते. बाटलीतला रस मात्र नको.

आता मुख्य काम. एका हातात व्हिस्क, दुसऱ्या हातात पळी. पातेल्यातला रस, तांदूळ शक्यतो मागे ठेवून, अर्धी पळी घ्या आणि फेटत फेटत अंड्यात बारीक धारेने सोडा. पुन्हा अर्धी पळी. मग पूर्ण पळी. हात फेटायचा थांबवायचा नाही. असा एकूण चारशे मिलिलिटर रस गेला की वाडग्यातलं मिश्रण साधारण ६५ अंशांवर येतं. म्हणजे अंडं गरम झालेलं आहे पण अजून आवळलेलं नाही. वाडग्याला बाहेरून हात लावला तर चांगलाच चटका जाणवला पाहिजे. कोमट लागत असेल तर आणखी एक पळी घाला.

मग उलट. वाडग्यातलं सगळं मिश्रण पातेल्यात बारीक धारेने ओता आणि दुसऱ्या हाताने लाकडी डावाने संथ ढवळत राहा. भात-भाज्यांनी गच्च भरलेल्या पातेल्यात ढवळता येत नाही, तिथे ग्रीक बायका दोन्ही कान धरून पातेलंच गोल हलवतात. काही आज्या ओतताना ओठांनी पापा घेतल्यासारखा आवाज काढत राहतात, त्याने अंडं फुटत नाही असं त्या मानतात. मला त्यात तथ्य दिसतं: त्या आवाजाच्या लयीत हात आपोआप सावकाश चालतो, आणि सावकाश चालणं हेच तर हवं असतं.

या वेळी पातेलं ८० अंशांच्या जरा खाली असतं. एवढ्या उष्णतेत रसात पसरलेलं अंडं दाटतं, फुटत नाही आणि खायलाही सुरक्षित होतं. डाव उचलून पाहा, त्याच्या पाठीवर पातळ थर राहिला पाहिजे. नुसतं पाणी ओघळत असेल तर अगदी मंद आचेवर मिनिटभर ढवळा आणि वाफ वाढायला लागली की लगेच उतरवा. बुडबुडा दिसायच्या आत. दाटपणा खिरीएवढा अपेक्षित धरू नका. अमेरिकेतल्या ग्रीक हॉटेलांत मैदा किंवा क्रीम घालून चमचा उभा राहील असं सूप देतात आणि आपल्याकडचे बरेच व्हिडिओ त्यावरून आलेले आहेत. ग्रीसमधल्या घरचं सूप पातळच असतं, ओठांना हलकं चिकटणारं.

चव आता घ्या, आधी नाही. मीठ बहुधा थोडं कमी वाटेल, कारण लिंबू आल्यावर मिठाची मागणी वाढते. आंबटपणा पहिल्या चमच्याला ठळक कळायला हवा, पण दात आंबता कामा नयेत. वर ताजी भरडलेली मिरी. कोथिंबीर नको. बारीक चिरलेला शेपू मात्र चालतो, ग्रीक स्वयंपाकात शेपू आणि अवगोलेमोनो यांची जुनी जोडी आहे. महाराष्ट्रात शेपूची जुडी कुठेही मिळते, तेव्हा कोवळी पानं तेवढी घ्या, दांडे नको.

कोंबडीचं मांस दोन तऱ्हांनी देतात. एक तर धागे सोडवून सूपात, नाहीतर वेगळ्या ताटात मोठे तुकडे, वर थोडं ऑलिव्ह तेल, मीठ आणि लिंबू. मला दुसरी तऱ्हा आवडते, सूप स्वच्छ राहतं. सूपात घालायचं असेल तर अंडं लावण्याआधी घाला, म्हणजे ते पातेल्याबरोबर निवेल. सोबत कडक सालीचा पाव हवा. गोव्यातले उंडे याच्याशी फार छान लागतात.

भांड्याबद्दल एक सूचना राहिली. ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका. लिंबाच्या आंबटपणाने त्याचा धातू सुटतो, चव बिघडते आणि अंड्याला करडी झाक येते. स्टील किंवा इनॅमल घ्या.

आणि पुन्हा फुटलंच तर? बारीक कणी दिसायला लागताच पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा, म्हणजे शिजणं थांबेल. सूप गाळून तांदूळ वेगळा करा, गाळलेला रस मिक्सरमध्ये थोडा थोडा फिरवा (गरम रसाने भांडं निम्म्याहून जास्त भरू नका, झाकण उडतं), मग एक नवा बलक वाडग्यात घेऊन वर सांगितलेल्या रीतीने हा रस त्याला लावा आणि तांदूळ परत घाला. मूळचा मऊपणा पूर्ण येत नाही, पण पाहुण्यांसमोर ठेवता येतं. मोठ्या कवड्या होऊन पाणी वेगळं पडलं असेल तर गाळून टाका आणि उरलेल्या रसाला नव्याने अंडं-लिंबू लावा, लिंबू मात्र निम्मं.

उरलेल्या सूपाचा प्रश्नही पुढे येईलच. अंडं लावलेलं सूप फ्रिजमध्ये घट्ट होतं आणि तांदूळ रस पिऊन फुगतो. गरम करताना थोडं पाणी घालून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं पातेलं ठेवून, ढवळत तापवा. थेट आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ते जवळपास नक्की फुटतं. घरात दोघंच असाल तर याहून चांगला उपाय आहे: कोंबडीचं पाणी पूर्ण करून ठेवा, त्यातलं लागेल तेवढंच घेऊन तांदूळ शिजवा आणि त्या वेळेपुरतं अंडं लावा. लिटरभर पाण्याला एक अंडं, एक बलक आणि तीस-पस्तीस मिलिलिटर कागदी लिंबाचा रस. कमी पाणी लवकर निवतं, म्हणून इथे पाच मिनिटं थांबलात तरी पुरे.

हे सूप ग्रीसमध्ये आजारपणापुरतं नाही, हेही सांगायला हवं. ऑर्थोडॉक्स पंथात नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो, त्यात मांस आणि अंडी वर्ज्य. नाताळाच्या पहाटे चर्चमधून आल्यावर अनेक घरांत उपवास सोडताना हेच सूप पुढ्यात येतं. ईस्टरच्या मध्यरात्रीही अंडं-लिंबूच असतं, फक्त तेव्हा कोकराच्या काळीज-आतड्यांचं, लेट्यूस आणि शेपू घातलेलं मागिरित्सा. अंडं आणि आंबट यांची ही जोडी एकट्या ग्रीकांची नाही. तुर्की स्वयंपाकात तिला तेर्बिये म्हणतात, आणि १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले जे ज्यू आजच्या ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहरात येऊन राहिले त्यांच्याकडे आग्रिस्तादा नावाचा असाच सॉस होता. काही खाद्य-इतिहासकार त्यालाच अवगोलेमोनोचं मूळ मानतात.

हात बसला की पुढची पायरी युवारलाकिया करून पाहा. अर्धा किलो खिमा, मूठभर कच्चा इंद्रायणी, किसलेला कांदा, शेपू, मीठ-मिरी आणि एक अंडं मळून लिंबाएवढे गोळे करा, दीड लिटर कोंबडीच्या पाण्यात अर्धा तास मंद शिजवा आणि मग तसंच थांबून अंडं-लिंबू लावा. तिथे डाव घालू नका, गोळे फुटतात. पातेल्याचे दोन्ही कान धरून हलवा.